बालवाडीचे अनुदान आणि सिनेटरचा संताप : मिसिसिपी, १९६५

१/ चार-पाच वर्षांच्या मुलांना अक्षरे, रंग आणि गाणी शिकवणाऱ्या बालवाड्यांमागे अमेरिकी सिनेटचे तपासनीस का लागले असावेत? हिशेबाच्या वह्यांत याचे अर्धेच उत्तर मिळते. उरलेले अर्धे अनुदान कोणाच्या हाती पडले, या प्रश्नात आहे. आजचा धागा त्याविषयी. #इतिहास #धागा

२/ आधी पार्श्वभूमी. ८ जानेवारी १९६४ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी दारिद्र्याविरुद्ध युद्ध पुकारले. २० ऑगस्टला त्यांनी ‘आर्थिक संधी कायद्या’वर स्वाक्षरी केली. अंमलबजावणीसाठी वॉशिंग्टनमध्ये ‘आर्थिक संधी कार्यालय’ उभे राहिले. प्रमुख होते केनेडी यांचे मेहुणे सार्जंट श्रायव्हर.

३/ या कायद्यात एक लहानसा शब्दसमूह होता. वस्तीसाठी आखलेल्या कार्यक्रमात त्याच वस्तीतील रहिवाशांचा ‘शक्य तितका अधिकाधिक सहभाग’ असावा, असा त्याचा आशय. खर्चाचा ९० टक्क्यांपर्यंतचा वाटा केंद्र सरकार उचलणार आणि तो पैसा स्थानिक संस्थेच्या हाती थेट पडू शकणार. महापौर आणि राज्य सरकार यांना वळसा घालणारी ही वाट होती.

४/ आता मिसिसिपीकडे वळू. मतदार म्हणून नाव नोंदवायला गेलेल्या कृष्णवर्णीय शेतमजुराला मळ्यावरून हाकलले जाई. घर मालकाचे, मजुरी मालकाची, उधारीही त्याच्याच ओळखीच्या दुकानात. १९६४ च्या जूनमध्ये नेशोबा काउंटीत नागरी हक्कांच्या तीन कार्यकर्त्यांची हत्या झाली होती. दहशत बंदुकीची होती, तशीच भाकरीचीही.

५/ १९६५ च्या उन्हाळ्यात ‘हेड स्टार्ट’ हा शालापूर्व शिक्षणाचा कार्यक्रम देशभर सुरू झाला. मिसिसिपीत नागरी हक्क चळवळीतील मंडळींनी त्यासाठी ‘चाइल्ड डेव्हलपमेंट ग्रुप ऑफ मिसिसिपी’ ही संस्था उभारली. तिला सुमारे १४ लाख डॉलरचे अनुदान मिळाले. ८४ केंद्रे, सुमारे ६,००० मुले.

६/ पण गव्हर्नर हे अनुदान अडवतील त्याचे काय? कायद्याने त्यांना नकाराधिकार होता. मात्र उच्च शिक्षणसंस्थेला दिलेल्या अनुदानावर तो चालत नसे. म्हणून पैसा मेरी होम्स ज्युनिअर कॉलेज या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयामार्फत आला. कायद्यातील फट कधीकधी दुर्बळांच्याही उपयोगी पडते, ती अशी.

७/ केंद्रे भरली ती चर्चच्या खोल्यांत आणि जुन्या इमारतींत. मुलांना गरम जेवण आणि वैद्यकीय तपासणी मिळू लागली. केंद्र कसे चालवायचे हे त्या त्या वस्तीची समिती ठरवी. शिकवणाऱ्या बहुतेक स्त्रिया त्याच वस्तीतील होत्या. कालपर्यंत त्या कापूस वेचत किंवा गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी करत.

८/ खरी मेख इथे आहे. या स्त्रियांना मिळणारे वेतन त्यांच्या जुन्या मजुरीच्या कितीतरी पट होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते मळेवाल्याच्या हातातून येत नव्हते. मतदार म्हणून नाव नोंदवले म्हणून ते त्याला बंद करता येत नव्हते. बालवाडीच्या अनुदानाने अर्थसत्तेची एक साखळी सैल केली होती.

९/ मिसिसिपीचे सिनेटर जॉन स्टेनिस हे सिनेटच्या विनियोग समितीचे सदस्य होते. म्हणजे तिजोरीच्या चाव्यांजवळ बसलेले. त्याच उन्हाळ्यात समितीचे तपासनीस माउंट ब्यूला येथील संस्थेच्या मुख्यालयात पोहोचले. सरकारी पैसा नागरी हक्कांच्या आंदोलनाकडे वळवला जातो, हा मुख्य आरोप होता.

१०/ आरोप अगदीच निराधार होते का? तसेही म्हणता येत नाही. काही आठवड्यांत उभ्या राहिलेल्या या संस्थेच्या हिशेबांत त्रुटी होत्या. बालवाडीचे कर्मचारी आणि चळवळीचे कार्यकर्ते यांत सरमिसळही होती. पण ती टाळायची तर वस्तीत धाडस दाखवलेल्या नेमक्या त्याच माणसांना वगळावे लागले असते. मग ‘अधिकाधिक सहभाग’ कोणाचा?

११/ पुढचा निधी रखडला. अनेक केंद्रे विनावेतन चालू राहिली. फेब्रुवारी १९६६ मध्ये मिसिसिपीची चिमुकली मुले शिक्षिकांसह थेट वॉशिंग्टनला, प्रतिनिधीगृहाच्या समितीपुढे हजर झाली. त्याच महिन्यात सुमारे ५६ लाख डॉलरचे नवे अनुदान मंजूर झाले.

१२/ मात्र त्या वर्षीच्या शरद ऋतूत श्रायव्हर यांच्या कार्यालयाने हात आखडता घेतला. ‘मिसिसिपी अ‍ॅक्शन फॉर प्रोग्रेस’ ही नवी संस्था पुढे आली. तिच्या मंडळावर मवाळ गोरे पुढारी होते, तसे आरन हेन्री यांच्यासारखे नामवंत कृष्णवर्णीय नेतेही होते. म्हणजे हा संघर्ष केवळ काळा-गोरा असा नव्हता. प्रतिष्ठितांनी चालवायचे की वस्तीने, हा वाद कृष्णवर्णीय समाजातही होता.

१३/ १९ ऑक्टोबर १९६६ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये पानभर जाहिरात झळकली. ‘हे खरे नाही असे सांगा, सार्जंट श्रायव्हर’, असे तिचे शीर्षक होते. दबाव वाढला आणि तडजोड झाली. जुन्या संस्थेला पुन्हा पैसा मिळाला, पण कार्यक्षेत्र आक्रसले. १९६८ मध्ये ती संपुष्टात आली. तिच्या वकील मेरियन राइट (पुढे एडलमन) यांनी १९७३ मध्ये ‘चिल्ड्रन्स डिफेन्स फंड’ स्थापन केला.

१४/ तक्रार एकट्या मिसिसिपीची नव्हती. आपल्याच शहरात आपल्याला डावलून पैसा वाटला जातो, हे अनेक महापौरांनाही खुपत होते. १९६७ च्या ‘ग्रीन दुरुस्ती’ने या संस्थांवर स्थानिक शासनाला पकड मिळवून दिली. १९८१ मध्ये उरलेला निधी एकगठ्ठा अनुदानाच्या रूपाने राज्यांमार्फत जाऊ लागला. ज्यांना वळसा घालण्यासाठी ही वाट काढली होती, तिचे नाके अखेर त्यांच्याच हाती आले.

१५/ मग अनुदान हे शस्त्र की बेडी? मिसिसिपीत ते दोन्ही ठरले. मळेवाल्यापासून मुक्त करणाऱ्या पैशाने वस्तीला वॉशिंग्टनच्या मर्जीशी बांधले. तरीही वस्तीतल्या समित्यांत बसून निर्णय घेण्याची सवय लागलेल्या स्त्रियांकडून ती सवय कोणत्याही दुरुस्तीला काढून घेता आली नाही.

१६/ म्हणून इतिहासाच्या विद्यार्थ्यांना एकच सुचवावेसे वाटते. दप्तरखान्यात अनुदानाचा कागद हाती आला, की रकमेवर थांबू नका. पैसा कोणामार्फत आला, अटी कोणी घातल्या, हिशेब कोणी मागितला आणि तो नेमका केव्हा मागितला, हेही वाचा. पुष्कळदा खरा इतिहास त्या शेवटच्या ‘केव्हा’मध्ये दडलेला असतो.