पहिली वस्ती कुठे करावी?

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजे, लढाया आणि तह यांची मालिका उभी राहते. शाळेतला इतिहास बहुधा शेवटाकडून सुरुवातीकडे पाहतो. कोण जिंकले हे आधीच ठाऊक असते. मग त्याने काय काय केले ते सांगायचे. साहजिकच मुलांना वाटते की जे झाले ते तसेच होणार होते. ज्याने निर्णय घेतला त्याला त्या दिवशी काय दिसत होते आणि काय दिसत नव्हते, हा प्रश्न मागेच पडतो. हा प्रश्न आजच्या मुलांपुढे पाठ्यपुस्तकापेक्षा अधिक रोखठोकपणे ठेवला आहे तो एका संगणकीय खेळाने. त्याचे नाव 'सिव्हिलायझेशन'.

फ्रान्सिस ट्रेशम या इंग्लिश रचनाकाराने याच नावाचा पटावरचा खेळ १९८० साली आणला होता. त्यानंतर १९९१ मध्ये अमेरिकेत सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी मायक्रोप्रोज या कंपनीसाठी संगणकावरचा खेळ तयार केला. बुद्धिबळाप्रमाणे यातही आळीपाळीने चाली करायच्या. मात्र बुद्धिबळात पट पहिल्यापासून पूर्ण दिसतो, येथे तो काळोखात बुडालेला असतो. वर्ष इसवी सनापूर्वी ४०००. हाताशी एक-दोन वसाहतकरी, आणि नजरेच्या टप्प्यात भोवतालची मोजकी घरे. पलीकडे समुद्र आहे की वाळवंट, शेजारी मित्र आहे की वैरी, काहीच ठाऊक नसते. तरीही पहिल्या चालीलाच ठरवावे लागते की वस्ती इथेच करायची की पुढे सरकायचे. शोधत राहिले तर जागा कदाचित अधिक चांगली मिळेल. पण तेवढ्यात शेजाऱ्याच्या गावात धान्य साठू लागलेले असते.

या खेळाचे अर्थशास्त्र आपल्या शेतकरी वाचकांना चटकन समजेल. पहिल्या आवृत्तीत शहराला स्वतःचे एक आणि भोवतालची वीस, अशी एकवीस घरे कसता येतात. प्रत्येक माणसाला दोन माप धान्य लागते. गवताळ घरातून दोनच माप मिळते. म्हणजे तिथे राबणारा आपल्यापुरतेच पिकवतो. माळाच्या घरातून एकच माप मिळते, पाणी दिले तर दोन. वरकड उरली तरच कोठार भरते, आणि कोठार भरले तरच गाव वाढते. नवी वस्ती वसवायला माणसे पाठवावीत, तर जुन्या गावाची लोकसंख्या तितकी घटते. लेकीला सासरी पाठवताना माहेरचे घर थोडे रिकामे होते, तसेच हे.

असा खेळ आला की त्याचे पाठांतर करणारेही येतात. आधी पहारेकरी, मग वसाहतकरी, मग पुन्हा वसाहतकरी, अमुक विद्या आधी, तमुक नंतर, अशी सूत्रे खेळाडूंत रूढ झाली. मुळाक्षरे, त्यातून कायदेसंहिता, जोडीला अंत्यविधीची विद्या, आणि या साऱ्यांतून राजेशाही, ही पहिल्या आवृत्तीतली एक परिचित वाट. तिच्यामागे कारण होते. आरंभीच्या एकाधिकारी राजवटीत ज्या घरातून तीन किंवा अधिक माप मिळते, तिथले एक माप वाया जाते. त्यामुळे गवताळ घराला पाट काढून दिला तरी हाती दोनच माप येते, मेहनत फुकट. तोच पाट माळाला दिला तर उत्पन्न दुप्पट होते. म्हणजे 'पाणी द्यावे' हे सूत्र अर्धेच खरे. कोणत्या जमिनीला, आणि कोणती राजवट असताना, हे विचारल्याशिवाय ते निरुपयोगी. सूत्र पाठ असलेला खेळाडू नकाशा अनुकूल असेपर्यंतच जिंकतो. नकाशा बदलला की जो थांबून जमिनीकडे पाहतो, त्याचे फावते.

मानवाचा खरा इतिहासही याहून वेगळे सांगत नाही. तीन नकाशे पाहू.

पहिला नकाशा नदीकाठचा. दक्षिण मेसोपोटेमियात गाळाची जमीन आणि पाटाचे पाणी होते. पण इमारती लाकूड, दगड आणि धातू यांची वाण होती. उरुकसारख्या शहरांनी धान्याच्या वरकडीवर आपला पसारा उभा केला आणि उणीव दूरच्या प्रदेशांतून माल आणून भरून काढली. एवढे धान्य, एवढी जनावरे, एवढी देणी-घेणी तोंडी लक्षात ठेवणे शक्य नव्हते. इसवी सनापूर्वी ३२०० च्या आसपासच्या मातीच्या पाट्यांवर जे आरंभीचे लेखन सापडते, ते बहुतांशी हिशेबाचे आहे. लेखनविद्या तिथे कोठाराच्या दारातून आली.

दुसरा नकाशा डोंगर आणि समुद्र यांचा. ग्रीसमध्ये सपाट, सुपीक जमीन थोडी. तिथल्या नगरांनी मेसोपोटेमियाचे सूत्र गिरवले असते तर पोट भरले नसते. त्यांनी माणसे जहाजांत बसवून बाहेर पाठवली. परंपरेप्रमाणे इसवी सनापूर्वी ७३४ च्या सुमारास कोरिंथच्या लोकांनी सिसिलीत सिराक्यूज वसवले, आणि ६०० च्या सुमारास फोकेआच्या लोकांनी आजच्या मार्सेच्या जागी मसालिया. अथेन्सची गोष्ट तर एखाद्या निर्णायक चालीसारखी आहे. इसवी सनापूर्वी ४८३ च्या सुमारास लॉरियनच्या खाणीतून चांदीचे मोठे उत्पन्न हाती आले. प्रत्येक नागरिकाला दहा-दहा द्राख्मा वाटून टाकावेत असा विचार चालला होता. थेमिस्टोक्लीसने तो फिरवला आणि त्या पैशातून युद्धनौका बांधवल्या. इसवी सनापूर्वी ४८० मध्ये सालामिसच्या आरमारी लढाईत इराणी सम्राटाचा पराभव झाला, तो याच नौकांच्या बळावर. वाटणी झाली असती तर ती चांदी चार दिवसांत बाजारात विरून गेली असती.

तिसरा नकाशा कोरडवाहू, आणि तो आपल्या घराजवळचा आहे. कच्छच्या रणातील खदिर बेटावर धोलावीरा हे सिंधू संस्कृतीचे नगर होते. बारमाही नदी नाही. मानसर आणि मानहर हे दोन पावसाळी ओढे तेवढे. तिथल्या लोकांनी ओढ्यांना बांध घातले आणि नगराभोवती मोठमोठे जलाशय खोदून पावसाचे पाणी साठवले. २०२१ साली जागतिक वारसा म्हणून गौरवलेले हे नगर हजार वर्षांहून अधिक काळ वसलेले राहिले.

आणि इनामगाव. पुणे जिल्ह्यात शिरूरजवळ घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. महाराष्ट्रातील आद्य शेतकऱ्यांची, सुमारे इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळातली ही वस्ती. भरभराटीच्या काळात तिथे चौकोनी घरे होती, पुराच्या पाण्याला बांध आणि पाट होता, सातूचे पीक मुख्य होते. पाच खोल्यांचे एक मोठे घर, बहुधा गावप्रमुखाचे, आणि त्याला लागूनच धान्याचे कोठार होते. पुढे इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास हवामान कोरडे होत गेले असावे, असे डॉ. म. के. ढवळीकरांनी मांडले. त्यानंतरच्या थरांत ऐसपैस चौकोनी घरांऐवजी लहान गोल झोपड्या दिसतात. शेती आक्रसली, शेळ्यामेंढ्या आणि शिकार यांवर भिस्त वाढली. तरीही सुमारे तीनशे वर्षे ती माणसे तिथे टिकली. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण आपण काटकसरीसाठी वापरतो. इनामगावकरांनी तर अंथरूण आखडत गेले तसतसे पायही आखडले, आणि म्हणूनच इतकी वर्षे निभावली. त्यांच्या गोल झोपड्यांना नुसती अधोगती म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

खेळाचे रचनाकारही हे ओळखून असावेत. पहिल्या आवृत्त्यांत जवळजवळ गावे वसवून साऱ्या भूमीवर पसरणे हा हमखास डाव ठरला, तेव्हा नियम बदलू लागले. २००१ च्या तिसऱ्या आवृत्तीत राजधानीपासून लांबच्या शहरांचे उत्पन्न भ्रष्टाचाराने खाल्ले. २००५ च्या चौथ्या आवृत्तीत प्रत्येक नव्या शहराबरोबर राज्याचा खर्च वाढू लागला. २०१६ च्या सहाव्या आवृत्तीत तर विद्याच भूगोलाशी बांधली गेली. किनाऱ्यावर शहर वसवले तर नौकानयन लवकर साधते, दगडाची खाण सुरू केली तर बांधकामाची विद्या, आणि दुसऱ्या संस्कृतीची गाठ पडली तर लेखन. बेटावर एकट्या पडलेल्याने लेखनाचा हट्ट धरू नये, समुद्राकडे वळावे, हेच त्याचे तात्पर्य.

इथपर्यंत खेळाचे कौतुक. पण इतिहासाच्या शिक्षकाला एवढ्यावर थांबता येत नाही. या खेळातली भूमी बहुतेक रिकामी असते. मधूनमधून एखादी छोटी वाडी लागते. तिच्यात पाऊल टाकले की सोने मिळते, विद्या मिळते किंवा रानटी टोळी अंगावर येते, आणि ती वाडी नकाशावरून नाहीशी होते. तिचे पुढे काय झाले, हे खेळ विचारत नाही. थ्युसिडिडीस मात्र नमूद करतो की सिराक्यूज वसवण्याआधी ग्रीकांनी तिथल्या सिसेल लोकांना हुसकावून लावले. मसालियाच्या दंतकथेत स्थानिक राजाची मुलगी परक्या ग्रीक पाहुण्याला वर म्हणून निवडते. एका ठिकाणी हकालपट्टी, दुसऱ्या ठिकाणी सोयरीक; दोन्हीकडे जमिनीवर आधीपासून माणसे होती.

दुसरी गोष्ट सीमेची. तिसऱ्या आवृत्तीपासून प्रत्येक राष्ट्राची सांस्कृतिक सीमा नकाशावर रंगाने दिसू लागली, आणि शेजाऱ्याची संस्कृती वरचढ झाली की सीमेवरचे शहर त्याच्या बाजूला जाऊ लागले. चौथ्या आवृत्तीत तर कोणत्या शहरात कोणाची संस्कृती किती टक्के, हेही दिसते. तुम्हा-आम्हाला ही टक्केवारी ओळखीची वाटेल. आपल्या जिल्ह्यांची गावे अशाच टक्क्यांत मोजली गेली आहेत. एका घरात आई एका भाषेत ओव्या म्हणते, मुलगा दुसऱ्या भाषेत बाजार करतो आणि तिसऱ्या भाषेत परीक्षा देतो. त्याची टक्केवारी कशी काढणार? खेळात असे शहर डळमळीत समजले जाते. प्रत्यक्षात दोन भाषा सांभाळणे ही सीमेवरच्या माणसाची जुनी आणि शहाणी चाल आहे. हाती आलेला नकाशा पाहूनच ती केलेली आहे.

२०२५ च्या सातव्या आवृत्तीत कालखंड बदलला की खेळाडूने आपली संस्कृतीही बदलायची, अशी रचना आली. पुष्कळ जुन्या खेळाडूंना ती रुचली नाही. माझ्या मते त्यात तथ्याचा अंश आहे. मात्र इनामगावकरांनी घराचा आकार बदलला, पीक बदलले, तरी ते एका दिवसात दुसरे कोणी झाले नाहीत. बदल होतो तो सावकाश, आणि आधीचे बरेच काही बरोबर घेऊन.

तेव्हा घरातला मुलगा किंवा मुलगी हा खेळ घेऊन बसलेली दिसली, तर वेळेची मर्यादा जरूर घाला. पण क्षणभर शेजारीही बसा. पहिले शहर इथेच का वसवले, असे विचारा. नदी होती म्हणून, असे उत्तर आले तर नदी नसती तर काय केले असते, हे विचारा. मग धोलावीऱ्याचे जलाशय सांगा, अथेन्सची चांदी सांगा, घोडकाठच्या गोल झोपड्या सांगा. आणि त्या जागी आधी कोण राहत होते, हेही विचारायला विसरू नका.