हैदराबाद-बंगळुरू महिला टेनिस स्पर्धा : एकेरीची सहा वर्षे (२००३-२००८)

महिला टेनिस संघटनेच्या, म्हणजेच डब्ल्यूटीएच्या मुख्य मालिकेतील भारतातील पहिली स्पर्धा २००३ मध्ये हैदराबाद येथे सुरू झाली. तीन वर्षांनी ती बंगळुरूला हलवण्यात आली आणि २००८ नंतर बंद पडली. तिची कारकीर्द सहा वर्षांचीच असली, तरी डब्ल्यूटीए मालिकेत भारतीय महिलेला लाभलेले एकेरीचे आजवरचे एकमेव विजेतेपद याच स्पर्धेतले आहे.

कर्नाटकाच्या सीमाभागातील बिदर व कलबुर्गी या जिल्ह्यांशी या स्पर्धेच्या दोन्ही शहरांचे नाते आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होईपर्यंत हे जिल्हे हैदराबाद संस्थानात व नंतरच्या हैदराबाद राज्यात होते. पुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्याला, तर बिदर व तेव्हाचे गुलबर्गा म्हैसूर राज्याला जोडले गेले. त्यामुळे येथील मराठी भाषकांसाठी स्पर्धेचे पहिले स्थान ही जुनी राजधानी आणि दुसरे स्थान ही नवी राजधानी होय.

स्वरूप

हैदराबादची स्पर्धा चौथ्या श्रेणीची होती. पारितोषिकाची एकूण रक्कम १ लाख ४० हजार डॉलर होती, आणि एकेरीच्या मुख्य फेरीत ३२ खेळाडू होत्या. विजेतेपदासाठी सलग पाच सामने जिंकावे लागत. मुख्य फेरीत प्रवेशाचे मार्ग प्रामुख्याने तीन असतात : जागतिक क्रमवारीच्या आधारे थेट प्रवेश, पात्रता फेरीतील विजय आणि आयोजकांनी दिलेले वाइल्ड कार्ड. यजमान देशातील तरुण खेळाडूंसाठी तिसरा मार्ग मोलाचा ठरतो. क्रमवारीचे गुण मोठ्या स्पर्धांत मिळतात आणि मोठ्या स्पर्धांतील प्रवेश क्रमवारीवर ठरतो. हा पेच घरच्या मैदानावरील वाइल्ड कार्डने काही अंशी सुटतो.

अंतिम सामने

२००३, हैदराबाद : तामारिन तानासुगार्न (थायलंड) विजयी विरुद्ध इरोदा तुल्यागानोवा (उझबेकिस्तान), ६-४, ६-४.
२००४, हैदराबाद : निकोल प्रॅट (ऑस्ट्रेलिया) विजयी विरुद्ध मारिया किरिलेंको (रशिया), ७-६, ६-१.
२००५, हैदराबाद : सानिया मिर्झा (भारत) विजयी विरुद्ध अलोना बोंडारेंको (युक्रेन), ६-४, ५-७, ६-३.
२००६, बंगळुरू : मारा सांतान्जेलो (इटली) विजयी विरुद्ध येलेना कोस्तानिच (क्रोएशिया), ३-६, ७-६, ६-३.
२००७, बंगळुरू : यारोस्लावा श्वेदोवा (रशिया) विजयी विरुद्ध मारा सांतान्जेलो, ६-४, ६-४.
२००८, बंगळुरू : सेरेना विल्यम्स (अमेरिका) विजयी विरुद्ध पॅटी श्नायडर (स्वित्झर्लंड), ७-५, ६-३.

पहिल्या पाचही विजेत्यांचे डब्ल्यूटीए मालिकेतील एकेरीचे हे पहिले विजेतेपद होते. त्यांपैकी प्रॅट, सानिया, सांतान्जेलो व श्वेदोवा या चौघींना पुढे दुसरे लाभले नाही. अग्रगण्य खेळाडू खालच्या श्रेणीच्या स्पर्धांकडे सहसा वळत नाहीत. म्हणूनच नवोदितांना आणि दीर्घकाळ खेळूनही विजेतेपदापासून वंचित राहिलेल्यांना तेथे संधी मिळते. जेतेपद मिळवले तेव्हा प्रॅट तीस वर्षांची होती, तर तिची प्रतिस्पर्धी किरिलेंको अवघी सतरा वर्षांची.

सानिया मिर्झा : पहिल्या फेरीपासून विजेतेपदापर्यंत

मुंबईत जन्मलेल्या व हैदराबादेत वाढलेल्या सानियाला २००३ मध्ये वयाच्या सोळाव्या वर्षी एकेरीत खेळण्याची संधी मिळाली. ऑस्ट्रेलियाच्या एव्ही डोमिनिकोविचने तिला पहिल्याच फेरीत हरवले. २००४ मध्येही ती पहिल्या फेरीत पराभूत झाली. या वेळी तिला हरवणारी प्रॅट पुढे विजेती ठरली. मात्र त्याच आठवड्यात दक्षिण आफ्रिकेच्या लिझेल ह्यूबरच्या साथीने सानियाने दुहेरीचे विजेतेपद मिळवले.

२००५ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपनच्या तिसऱ्या फेरीपर्यंत जाऊन ती सेरेना विल्यम्सकडून हरली होती. त्यानंतर काही आठवड्यांतच, १२ फेब्रुवारी २००५ रोजी, तिने घरच्या प्रेक्षकांसमोर बोंडारेंकोला तीन सेटमध्ये नमवले. तेव्हा ती अठरा वर्षांची होती. त्याच वर्षी जागतिक क्रमवारीत पहिल्या शंभरांत स्थान मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. अमेरिकन ओपनची चौथी फेरीही तिने गाठली. २००७ मध्ये तिने २७ वे स्थान मिळवले. ते एकेरीतील तिचे सर्वोच्च स्थान होय.

बंगळुरू आणि शेवट

२००६ मध्ये स्पर्धा कर्नाटक राज्य लॉन टेनिस संघटनेच्या कब्बन पार्क येथील कोर्टवर आली आणि तिला तिसरी श्रेणी मिळाली. २००८ मध्ये ती दुसऱ्या श्रेणीत गेली व पारितोषिकाची रक्कम ६ लाख डॉलरवर पोहोचली. त्यामुळे विल्यम्स भगिनींसारख्या खेळाडू आल्या. उपांत्य सामन्यात सेरेनाने व्हीनसला तिसऱ्या सेटच्या टायब्रेकमध्ये हरवले. आठ ग्रँड स्लॅम एकेरी विजेतेपदे आधीच नावावर असलेली सेरेना विजेती झाली. सानियाने त्या वर्षी भाग घेतला नाही. प्रतिष्ठेच्या दृष्टीने स्पर्धेचे हे सर्वोच्च शिखर होते, आणि हीच तिची अखेरही ठरली.

नंतरचे प्रवाह

महाराष्ट्रात डब्ल्यूटीए १२५ दर्जाच्या स्पर्धांनी हा वारसा वेगळ्या रूपात पुढे नेला. २०१२ मध्ये पुण्यात युक्रेनची एलिना स्वितोलिना, तर २०१७ मध्ये मुंबईत बेलारूसची आर्यना सबालेंका विजेती ठरली. सबालेंका पुढे जागतिक क्रमवारीत अव्वल स्थानी पोहोचली. २०२४ मध्ये सहजा यमलापल्लीने मुंबईत अग्रमानांकित केला डे हिला पहिल्याच फेरीत हरवले. २०२५ मध्ये पंधरा वर्षांच्या माया राजेश्वरन रेवतीने पात्रता फेरीतून थेट उपांत्य फेरी गाठली.

सीमाभागातही व्यावसायिक टेनिस पोहोचले आहे. २०२३ च्या अखेरीस कलबुर्गीच्या चंद्रशेखर पाटील क्रीडांगणावर २५ हजार डॉलर पारितोषिकाची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. ती पुरुषांची होती आणि एकेरीत रामकुमार रामनाथन विजेता ठरला. अशा लहान स्पर्धांतून गुण जमवतच खेळाडू डब्ल्यूटीए वा एटीपी मालिकेच्या उंबरठ्यावर येतो. हैदराबादचा इतिहास याच कारणाने आजही महत्त्वाचा आहे. दोनदा पहिल्या फेरीत हरलेल्या मुलीला तिसऱ्यांदा खेळता आले, कारण स्पर्धा तिच्याच शहरात दरवर्षी होत होती.