पाऊण तोळ्याची दोरी

अमेरिकेत पहिल्यांदा फ्लाय रॉड विकत घ्यायला गेलेला माणूस दोन ठिकाणी अडखळतो. काठीवर ‘नऊ फूट, पाच वेट’ असे लिहिलेले असते, पण पाच म्हणजे कशाचे पाच ते कळत नाही. दुसरा अडथळा किमतीचा. रीळ आणि दोरीसकट सगळा संच शंभर-दोनशे डॉलरला मिळतो आणि शेजारी ठेवलेली नुसती काठी हजाराच्या वर असते. नवख्या डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतात. मीही तिथेच अडखळले होते. पोस्टडॉकच्या पगारात हजाराची काठी बसणारच नव्हती. पण स्वस्तातली घेऊन आपण पैसे पाण्यात तर घालत नाही ना, ही धास्ती होती. तिचे उत्तर मला या काठीच्या इतिहासात सापडले.

आधी काठीचे काम समजून घेऊ. कोकणात गरवायला बसणारा माणूस गरीला शिसे बांधतो. फेकले जाते ते शिसे, आणि दोरी त्याच्यामागे ओढली जाते. फ्लाय फिशिंगमध्ये आमिष म्हणजे पिसांची आणि धाग्याची खोटी माशी. तिला वजन जवळजवळ नसतेच, म्हणून इथे दोरीलाच वजन दिलेले असते. फेकायची ती दोरी, माशी तिच्या टोकाला बांधून जाते. काठीने दोरीच्या वजनाने वाकायचे आणि सरळ होताना तिला पुढे भिरकवायचे.

इंग्लंडमध्ये 1496 साली गळाने मासे धरण्यावर एक छोटा ग्रंथ छापला गेला. त्यात काठी विकत घ्यायची नसून घरी करायची आहे. हेझल किंवा विलोचा दांडा वाळवायचा, आतून पोकळ करायचा, त्याला काटेरी झुडपाचे लवचीक टोक जोडायचे आणि घोड्याच्या शेपटीच्या केसांची दोरी वळायची. रीळ नाहीच, दोरी थेट टोकाला बांधायची. सुरी आणि सवड असलेल्या कुणालाही हे जमण्यासारखे होते.

काठी महाग झाली ती एकोणिसाव्या शतकात, आणि तिथे आपल्याकडचा एक धागा येतो. पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावी सॅम्युएल फिलिपी नावाचा कारागीर बंदुका आणि व्हायोलिने बनवीत असे. 1840च्या दशकात त्याने बांबू उभा चिरून, त्याच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून काठीचे भाग केले. पुढे मेन राज्यातल्या हायरम लेनर्डने सहा पट्ट्यांची काठी नावारूपाला आणली. प्रत्येक पट्टी साठ अंशांच्या कोनात तासायची, म्हणजे सहा मिळून षटकोन भरतो आणि बांबूचा सर्वांत चिवट भाग, सालीलगतचा, बाहेरच्या बाजूला राहतो. सुरुवातीच्या या कारागिरांचा बांबू कलकत्त्याच्या बंदरातून येई, म्हणून त्याचे नावच ‘कॅलकटा केन’ पडले. वनस्पतिशास्त्रात त्याची ओळख डेन्ड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस अशी दिली जाते. हा आपल्या विदर्भातल्या जंगलांतला मानवेल, पोलिसांच्या लाठीचा बांबू. त्याच्यावर भाजल्याचे काळे डाग असत आणि जुन्या काठ्या त्या डागांवरूनही ओळखतात.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याची जागा चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातल्या ‘टाँकिन’ बांबूने घेतली. तो अधिक सरळ होता आणि त्याची पेरे लांब होती. पण बांबू कुठलाही असो, कारागिराचे तासन् तास त्यात जात, आणि किंमत होती ती त्या तासांची. पुढे माँटेग्यू, हॉरॉक्स-इबटसन, साउथ बेंड अशा कारखान्यांनी यंत्रावर पट्ट्या कापून स्वस्त काठ्या काढल्या. हार्डवेअरच्या दुकानांत त्या मिळू लागल्या. जाणकारांनी नाके मुरडली, पण गिरणीतला कामगार रविवारी नदीवर जाऊ लागला तो याच काठ्या घेऊन.

खरी उलथापालथ दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास झाली. आर्थर हॉवाल्ड हे प्लास्टिकच्या रेझिनवर काम करणारे तंत्रज्ञ. त्यांच्या बांबूच्या काठीचे टोक मोडले आणि त्यांनी काचतंतू व रेझिन वापरून नवे टोक केले, असे सांगतात. शेक्सपिअर कंपनीने त्यांच्या पद्धतीची ‘वंडररॉड’ 1947च्या सुमारास बाजारात आणली. मग डिसेंबर 1950 मध्ये, कोरियन युद्धाच्या काळात, अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला. टाँकिनची आवक थांबली आणि स्वस्त बांबूच्या काठीचे दिवस संपले. काचतंतूची काठी कुजत नव्हती, ओलीने वाकडी होत नव्हती आणि कारखान्यात भराभर बनत होती. 1970च्या दशकात तिच्याहून हलकी ग्रॅफाइटची काठी आली. तीही आधी महाग होती. मग उत्पादन पूर्व आशियात गेले आणि भाव उतरले. ज्या चीनमधून पूर्वी बांबूच्या मोळ्या येत, तिथून आता तयार काठी येते.

आता त्या ‘पाच’कडे येऊ. पूर्वी दोरी रेशमाची असे. जाडीवरून तिला इंग्रजी अक्षरे दिलेली असत, आणि रोज वाळवली नाही तर ती कुजे. युद्धानंतर प्लास्टिकचा लेप दिलेल्या दोऱ्या आल्या. त्यांची घनता वेगवेगळी असल्यामुळे जाडीवरून वजन कळेना, आणि कुठल्या काठीला कुठली दोरी हा गोंधळ झाला. 1961 साली अमेरिकेतल्या उत्पादकांच्या संघटनेने वजनावर आधारलेले क्रमांक ठरवले. दोरीचे पहिले तीस फूट 140 ग्रेन भरले की ती पाच नंबरची. काठीवरचा पाच हा याच दोरीचा क्रमांक. ग्रेन हे सोनारी वजन आपल्यालाही परके नाही. ब्रिटिशांनी हिंदुस्थानात तोळा 180 ग्रेनचा ठरवला होता. म्हणजे ही दोरी भरते पाऊण तोळ्याच्या किंचित वर. एवढेसे वजन पेलण्यासाठी माणसाने कलकत्ता, ग्वांगडाँग आणि रसायनशाळा पालथ्या घातल्या!

नवख्याने काय घ्यावे, याचे उत्तर या इतिहासातच आहे. ट्राउटसाठी नऊ फुटी, पाच नंबरची, चार तुकड्यांची ग्रॅफाइटची काठी पुरे. आजची स्वस्त काठीसुद्धा त्या रविवारच्या कामगाराच्या काठीपेक्षा हलकी आणि टिकाऊ आहे. हात बसेपर्यंत महाग काठीतला फरक जाणवतही नाही. रिळावर जास्त पैसे घालू नयेत. साध्या ट्राउटसाठी रीळ म्हणजे दोरी गुंडाळून ठेवायची जागा, मासा बहुधा हातानेच दोरी ओढून आणला जातो. उरलेले पैसे घालावेत दोरीत, कारण फेकली जाते ती दोरी. पाण्यावर तरंगणारी, पुढच्या बाजूला वजन असलेली पाच नंबरची दोरी घ्यावी. संचातली दोरी हलकी निघाली तर आधी ती बदलावी, काठी नव्हे.

आणखी एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. 1950च्या डिंगेल-जॉन्सन कायद्याने अमेरिकेत मासेमारीच्या सामानावर उत्पादकाकडून दहा टक्के कर घेतला जातो. तो पैसा मासे आणि नद्या राखण्यासाठी राज्यांना मिळतो. 2005 पासून एका काठीवरच्या कराला दहा डॉलरची मर्यादा आहे. त्यामुळे हजारांची काठी नदीला दहा डॉलरच देते. राज्यांना होणारे वाटप तर मुख्यतः परवानाधारकांच्या संख्येवर ठरते, आणि त्या मोजणीत जुना जाणकार एक आणि काल परवाना काढलेला नवखाही एकच.

परक्या देशात आपण पुष्कळदा दारातच थबकतो. आपला वेश, आपले सामान, आपले उच्चार इथे चालतील का, असे वाटत राहते. नदीवर भारी काठ्या घेऊन उभी असलेली माणसे पाहून मलाही तसेच वाटले होते. आता माझ्या काठीची किंमत कुणी विचारली तर मी सरळ सांगते.