नाव आधी की खोली आधी?

प्रवासाला निघताना मुक्कामाची सोय आधीच करून ठेवावी की तिथे पोचल्यावर बघावे, हा वाद आमच्या घरात अजून मिटलेला नाही. खोली ठरल्याशिवाय पत्नीचा हात बॅगेला लागत नाही. मला मात्र पोचू तिथे पथारी टाकायची जुनी सवय. खिशाला परवडेल अशी स्वच्छ खोली आणि सकाळी चहा-नाश्ता, एवढेच सामान्य प्रवाशाचे मागणे असते. पण एवढ्याशा मागण्यासाठी त्याला काय काय सांगावे लागले आणि काय काय लपवावे लागले, याचा थोडा इतिहास आज सांगावा म्हणतो.

सुरुवात माझ्यापासूनच करतो. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण मार्गावर धावू लागली, त्यानंतरच्या एका पावसाळ्यातली ही गोष्ट. कोकणातल्या एका गावी कविसंमेलन होते. माझ्यासारख्या नवख्या कवीची सोय आयोजकांकडे नव्हती, म्हणून मी एसटीडी बूथवरून तिथल्या एका लॉजला फोन केला. ‘‘सोलापूरहून येतोय, एकटाच आहे, एका रात्रीसाठी खोली हवी.’’ पलीकडून उत्तर आले, ‘‘या की, खोली ठेवतो.’’ रात्री नऊला मी एसटीतून उतरलो, भिजत लॉजवर गेलो. मॅनेजरने वही पुढे ओढली, पेनाचे टोपण काढले आणि नाव विचारले. मी सांगितले. पेन कागदावर टेकले नाही. ‘‘साहेब, जरा घोटाळा झालाय. खोली आधीच दिली गेलीय.’’ त्याच्या पाठीमागच्या फळीवर किल्ल्या ओळीने टांगलेल्या होत्या. त्याने आवाज चढवला नाही, मीही चढवला नाही. त्या रात्रीचे पुढे काय झाले ते शेवटी सांगतो. पण तेव्हापासून मला एक प्रश्न पडत आला आहे. आगाऊ ठरवलेली खोली असते तरी कुणाच्या नावावर? येणाऱ्या माणसाच्या, की यजमानाने मनात धरलेल्या माणसाच्या?

आपल्याकडे प्रवाशाच्या मुक्कामाची परंपरा मोठी आहे. सोळाव्या शतकात शेरशाह सूरने रस्त्यांवर दर दोन कोसांवर सराया बांधल्या, असे अब्बास खान सरवानी या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. हिंदू आणि मुसलमान प्रवाशांसाठी तिथे वेगवेगळी जागा असे आणि हिंदूंना पाणी, जेवण देण्यासाठी ब्राह्मण नेमलेले असत. पुढे अहिल्याबाई होळकरांनी देशभर घाट आणि धर्मशाळा बांधल्या. आपल्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा आहे. संताचे नावच ‘मुसाफिर’. तिथली पाणचक्की फकिरांसाठी आणि यात्रेकरूंसाठी पीठ दळत असे. या सगळ्या ठिकाणी पैसा मागत नसत किंवा नावापुरता घेत. पण माणूस कोण, हे मात्र पाहिले जाई.

आणि आगाऊ बुकिंग? तेही होते. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर अशा क्षेत्री आपले तीर्थोपाध्ये असत. यात्रेकरू स्टेशनावर उतरला की विचारणा व्हायची : गाव कोणते, आडनाव काय? मग लांबलचक वह्या उघडायच्या आणि त्यात आजोबा-पणजोबांच्या सह्या निघायच्या. त्या घराण्याच्या यात्रेकरूने त्या उपाध्यायाच्या वाड्यातच उतरायचे, तिथेच जेवायचे. खोली पिढ्यान् पिढ्या राखलेली. मला ही व्यवस्था फार लोभस वाटते. परक्या गावात आपल्या पणजोबांची सही भेटणे ही काय लहान गोष्ट आहे? पण ज्याचे नाव कुठल्याच वहीत नाही, त्याने कुठे उतरायचे, याचे उत्तर त्या वहीत नव्हते.

ते उत्तर वेगळ्या वाटेने इंग्लंडात निघाले. ५ जुलै १८४१ रोजी टॉमस कुक या सुतारकाम केलेल्या, दारूबंदीचा प्रचार करणाऱ्या गृहस्थाने सुमारे पाचशे माणसांना एक शिलिंग भाड्यात लेस्टरहून लाफबरोला आगगाडीने नेले. पुढे १८६८ मध्ये त्याने हॉटेलची कुपने काढली. घरून निघतानाच पैसे भरायचे, कुपन घ्यायचे आणि परमुलखातल्या हॉटेलात ते दाखवून खोली आणि जेवण मिळवायचे. वरवर पाहता ही फक्त सोय. पण वहीला घराणे लागत होते, कुपनाला फक्त पैसे लागत होते.

तरी पैसे देऊनही दार उघडतेच असे नाही. १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनहून परतले आणि बडोदे संस्थानाच्या नोकरीत रुजू व्हायला गेले. परदेशी शिकून आलेला हा विद्वान बडोद्यात उतरणार कुठे? हिंदू हॉटेलात जायचे तर जात लपवावी लागणार. ते एका पारशी खाणावळीवजा मुसाफिरखान्यात गेले. तिथे फक्त पारशांना जागा. रखवालदाराला गिऱ्हाईक नव्हते. शेवटी असे ठरले की वहीत पारशी नाव लिहायचे आणि राहण्या-जेवणाचे रोजचे दीड रुपया द्यायचे. एखाद्या स्वस्त ‘निवास-न्याहारी’चाच हा सौदा, फक्त त्याची किंमत दीड रुपया आणि स्वतःचे नाव. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला पारशी मंडळींचा जमाव आला आणि त्यांना जागा सोडावी लागली. बाबासाहेबांनी हे सारे आपल्या आठवणींत लिहिले आहे.

त्याच आठवणींत १९३४ चा दौलताबादचा प्रसंग आहे. किल्ला पाहायला गेलेल्या बाबासाहेबांच्या मंडळींनी प्रवेशद्वाराजवळच्या हौदात हातपाय धुतले आणि एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा मुसलमान ‘हौद बाटवला’ म्हणून ओरडत धावून आला. मी हे पान वाचतो तेव्हा मला माझ्या लॉजच्या मॅनेजरवर रागावण्याचा हक्क थोडा कमी वाटू लागतो. दार बंद करणारे हात कुण्या एका धर्माचे नसतात. माझ्या आजोबांच्या वयाच्या माणसाचाही त्यात एक हात होता.

याच काळात गाडगेबाबा हातात खराटा घेऊन गावोगाव हिंडत होते. स्वतः झाडाखाली झोपणाऱ्या या माणसाने लोकांसाठी धर्मशाळा बांधल्या. पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावाची धर्मशाळा उभी केली, ज्यांना इतरत्र जागा नव्हती त्यांच्यासाठी. १९४९ मध्ये ती त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. बडोद्यातून बाहेर काढलेल्या प्रवाशाच्या हाती बत्तीस वर्षांनी एका धर्मशाळेची किल्ली आली.

क्रिकेटवेड्या श्रोत्यांना लिअरी कॉन्स्टंटाइन हे नाव ठाऊक असेल. वेस्ट इंडीजचा हा अष्टपैलू खेळाडू १९४३ च्या उन्हाळ्यात लॉर्ड्‌सवरच्या एका सामन्यासाठी लंडनला आला. इंपीरियल हॉटेलात त्याने चार रात्रींची खोली आधीच राखून ठेवली होती, अनामत भरली होती. आपल्या वर्णामुळे अडचण येणार नाही ना, हेही विचारून घेतले होते. तरी पत्नी आणि मुलीसह पोचल्यावर त्याला सांगण्यात आले की एकच रात्र राहता येईल. गोऱ्या अमेरिकन पाहुण्यांची नाराजी नको, हे कारण. त्याने वाद घातला नाही, कोर्टात गेला. इंग्लंडचा जुना दंडक असा की सराईवाल्याने आलेल्या प्रवाशाला सबळ कारणाशिवाय परत पाठवू नये. १९४४ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. भरपाई मिळाली पाच गिनी, म्हणजे जवळजवळ नावापुरती. पण तो खटला नावासाठीच तर होता.

अमेरिकेत याच काळात न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या व्हिक्टर ग्रीन नावाच्या पोस्टमनने दुसरा मार्ग काढला. १९३६ पासून त्याने एक पुस्तिका छापायला सुरुवात केली. कोणत्या गावात काळ्या प्रवाशाला जेवण मिळेल, पेट्रोल मिळेल आणि रात्री पाठ टेकता येईल, याची ती यादी. अनेक गावांत हॉटेल नसे, पण एखादी शिक्षिका किंवा विधवा आपल्या घरातली एक खोली देई. त्यांना ‘टुरिस्ट होम’ म्हणत. १९४७ मध्ये ग्रीनने खोल्या आगाऊ ठरवून देण्याची सोयही सुरू केली. आपण सुट्टी सुखाची जावी म्हणून आधी बुकिंग करतो. ही माणसे रात्र रस्त्यात काढावी लागू नये आणि जीव सुखरूप राहावा म्हणून करत होती. ही पुस्तिका छापण्याची गरजच उरू नये, अशी ग्रीनची इच्छा होती. १९६० मध्ये तो वारला. १९६४ मध्ये नागरी हक्कांचा कायदा झाला आणि काही वर्षांत पुस्तिका खरोखरच थांबली.

त्या कायद्यात एक पळवाट मात्र राहिली. मालक स्वतः जिथे राहतो आणि पाचांहून जास्त खोल्या भाड्याने देत नाही, अशा घराला तो लागू नव्हता. लोक तिला ‘मिसेस मर्फीची सवलत’ म्हणत. मिसेस मर्फी म्हणजे घरातल्या दोन-चार खोल्या भाड्याने देणारी कुणीही म्हातारी. प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. हॉटेल सर्वांसाठी खुले असले पाहिजे, हे आपल्या राज्यघटनेच्या १५ व्या कलमातही आहे. पण जिथे पाहुणा आपल्या स्वयंपाकघराशेजारी झोपतो, आपल्या ताटात न्याहारी करतो, ते घर की हॉटेल? घर म्हटले तर निवड मालकाची. दुकान म्हटले तर हक्क गिऱ्हाइकाचा. मला विचाराल तर, ज्या दिवशी आपण दारावर पाटी लावतो आणि दर ठरवतो, त्या दिवशी उंबऱ्याचा तेवढा भाग रस्त्याचा होतो.

महाराष्ट्रात १९७५ साली पर्यटन विकास महामंडळ स्थापन झाले. त्याच्या ‘निवास-न्याहारी’ योजनेत घरमालकाने आपल्या खोल्यांची नोंद करावी आणि प्रवाशाने घरगुती मुक्काम करावा, अशी सोय झाली. कोकणात ती रुजली. माडाच्या वाडीतली दोन खोल्यांची जागा, सकाळी घावणे, दुपारी सांगाल तर माशाचे जेवण. आता अनुभवाचे बोल ऐका. मे महिना, दिवाळी आणि डिसेंबरचा शेवटचा आठवडा यांत आगाऊ ठरवल्याशिवाय जाऊ नका. आषाढीला पंढरपूरचीही तीच गत. पावसाळ्यात आणि आडवारी मात्र वाटेत विचारत गेलात तरी चालते, दरही कमी होतो. आणि ठरवताना नाश्ता भाड्यात धरला आहे का, पाणी गरम मिळेल का आणि ऐनवेळी बेत मोडला तर पैसे परत मिळतील का, एवढे तीन प्रश्न विचाराच.

आता तर बुकिंग मोबाइलवर आले. २००८ साली सॅन फ्रान्सिस्कोत दोघातिघा तरुणांनी ‘एअरबीएनबी’ सुरू केली. नावातच ‘बेड अँड ब्रेकफास्ट’. वाटले, चला, पेन थबकण्याचे दिवस सरले. पण हार्वर्डच्या तीन संशोधकांनी एक प्रयोग केला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळे तपशील सारखे ठेवून त्यांनी फक्त पाहुण्यांची नावे बदलली. काळ्या वर्णाच्या वाटणाऱ्या नावांना होकार मिळण्याचे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांनी कमी निघाले. त्यानंतर कंपनीने नियम बदलला. २०१८ पासून पाहुण्याचे छायाचित्र यजमानाला होकार दिल्यावरच दिसू लागले. ऑरेगन राज्यात २०२२ पासून होकार मिळेपर्यंत नावाचे फक्त पहिले अक्षर दाखवले जाऊ लागले. नाव आधी की खोली आधी, या प्रश्नाचे उत्तर यंत्राला शिकवावे लागले.

पण ते उत्तर मला त्याच पावसाळी रात्री मिळाले होते. लॉजमधून निघालो तो स्टँडसमोरच्या चहावाल्याने एक घर दाखवले. कंदील घेऊन एक आजी ओसरीवर आल्या. माझी अम्मी लहानपणी सांगायची, परक्या दारात आधी नाव सांग, मग पाणी माग. म्हणजे देणाऱ्याची अडचण होत नाही आणि आपला अपमान होत नाही. त्याच सवयीने मी म्हणालो, ‘‘आजी, आधी माझे नाव ऐकून घ्या.’’

आजी म्हणाल्या, ‘‘नाव मगे सांगा. आदी पाय धुवा, चिखल घरात येता.’’

सकाळी घावणे आणि चटणी पुढे ठेवताना त्यांनी नाव विचारले. मी सांगितले. त्यांनी ते एकदा स्वतःशी म्हणून पाहिले, नीट उच्चारले गेले का ते मला विचारले आणि आणखी एक घावण वाढले. निघताना पन्नास रुपये दिले, त्यांतले दहा त्यांनी परत केले. म्हणाल्या, कंदिलाचे तेल धरले नाही.

हल्ली मी पत्नीचे ऐकतो, खोली आधीच ठरवतो. फोनवर पहिल्या वाक्यातच पूर्ण नाव सांगतो. पलीकडे क्षणभर शांतता पसरते कधी कधी. मी थांबतो. बऱ्याचदा उत्तर येते, ‘‘या की, किती माणसे?’’