पडद्यावरचे महावीर आणि माळव्याची माती

अचाट ताकदीचा, हवेत उडणारा, एका ठोशात दहा जणांना लोळवणारा नायक ही अमेरिकेतून आलेली चीज आहे, असे आमच्या शाळेतल्या तरुण शिक्षकांचे ठाम मत आहे. विद्यार्थ्यांचेही तेच. डहीसारख्या गावात, जिथून धार गाठायचे म्हणजे सकाळची बस पकडावी लागते, तिथली पोरेसुद्धा मोबाईलच्या पडद्यावर 'अ‍ॅव्हेंजर्स' पाहतात आणि त्यातल्या वीरांची नावे पाढ्यांसारखी म्हणून दाखवतात. मला याचे दुःख नाही. मी स्वतः सिनेमाचा जुना शौकीन आहे आणि मारामारीच्या सिनेमाला नाके मुरडणाऱ्यांतला तर मुळीच नाही. परंतु इतिहासाचा एम. ए. असल्यामुळे कुठलीही गोष्ट 'नवीन' म्हटली की तिची वंशावळ काढल्याशिवाय मला चैन पडत नाही.

ही वंशावळ सरळ आपल्या घरात येऊन पोचते. अमेरिकेत सुपरमॅन कागदावर अवतरला तो १९३८ साली. त्याच्या एकवीस वर्षे आधी, १९१७ मध्ये, त्र्यंबकेश्वरच्या धुंडिराज गोविंद फाळक्यांनी 'लंकादहन' काढून मारुतीला पडद्यावर उडवले होते. दोन वर्षांनी 'कालियामर्दन' आला आणि त्यात दादासाहेबांची चिमुरडी मुलगी मंदाकिनी कृष्ण होऊन कालियाच्या फण्यावर नाचली. संगणक नव्हता, वीजसुद्धा बेताचीच. होती ती एक कॅमेऱ्याची पेटी, दुहेरी छपाईची युक्ती आणि कीर्तनात घडलेला प्रेक्षक. पडद्यावरचा मारुती लोकांना खोटा वाटला नाही, कारण कीर्तनकाराने तो त्यांच्या मनात आधीच उडवलेला होता.

पुढचा टप्पा कोल्हापूरचा. बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या हाताने कॅमेरा बनवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि १९२३ साली हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीवरून 'सिंहगड' काढला. त्यात शेलारमामा झाले होते तरुण शांताराम वणकुद्रे, म्हणजे पुढचे व्ही. शांताराम. याच कंपनीच्या अंगणात मास्टर विठ्ठल नावाचा एक चपळ मुलगा वाढला. तो मुंबईला शारदा फिल्म कंपनीत गेला आणि तलवारबाजी, घोडदौड, गच्चीवरून उड्या यांच्या जोरावर मूकपटाचा राजा झाला. लोक त्याला हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स म्हणत. पहिला बोलपट 'आलम आरा' १९३१ साली आला तेव्हा नायक तोच होता. शारदा कंपनीने करारभंगाचा दावा लावला तेव्हा त्याची बाजू बॅरिस्टर जीनांनी मांडली. मात्र हिंदुस्थानी बोलण्यात तो कच्चा, म्हणून त्याच्या तोंडी संवाद बेताचेच ठेवावे लागले. दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्या आपणा मराठी कुटुंबांना यातला विनोद आणि त्यातली कळ दोन्ही समजेल. हात चालतो तिथे आपण राजे, आणि जीभ चालवायची वेळ आली की दुय्यम!

या कोल्हापूरशी आपल्या माळव्याचे नातेही सोयरिकीचे आहे. राजर्षी शाहूंच्या कन्या अक्कासाहेब महाराज देवासच्या थोरल्या पातीत दिल्या होत्या. पुढे १९४७ साली त्याच थोरल्या पातीचे विक्रमसिंहराव पवार दत्तक जाऊन कोल्हापूरचे शहाजी महाराज झाले. धार आणि देवासच्या पवारांचे वाडे मराठी बोलत होते तेव्हा मराठी पडदा कोल्हापुरात बोलू लागला होता, असे म्हटले तरी चालेल.

त्यानंतरचा काळ स्टंटपटांचा. जे. बी. एच. आणि होमी या वाडिया बंधूंनी १९३५ साली 'हंटरवाली' आणला. नायिका नादिया; मूळ नाव मेरी इव्हान्स, जन्म ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा. गोरी बाई, हातात चाबूक, तोंडावर बुरखा, गरिबांना छळणाऱ्यांची पाठ सोलून काढणारी! वितरक चित्रपट उचलीनात, म्हणून वाडियांनी तो स्वतःच लावला, आणि तो पंचवीस आठवड्यांवर चालला. आगगाडीच्या टपावरची मारामारी नादिया स्वतः करीत असे, तिच्या जागी दुसरे कोणी उभे राहत नसे. आज ज्यांना 'महिला सुपरहिरो' ही नवी कल्पना वाटते त्यांनी हे साल लक्षात ठेवावे.

याच सुमारास बाबूभाई मिस्त्री नावाचा सुरतेचा कलावंत पुढे आला. १९३७ च्या 'ख्वाब की दुनिया'मध्ये माणूस अदृश्य आहे आणि वस्तू आपोआप हालताहेत, असे त्याने काळ्या पडद्यापुढे काळ्या दोऱ्याने वस्तू हलवून दाखवले. लोकांनी त्याचे नावच 'काला धागा' पाडले. बरोबर पन्नास वर्षांनी, १९८७ साली, शेखर कपूरचा 'मिस्टर इंडिया' आला. पुन्हा अदृश्य माणूस, पुन्हा आपोआप हालणाऱ्या वस्तू. मधल्या काळात १९६० साली जयराजने हिंदी 'सुपरमॅन'ही करून पाहिला होता आणि दारासिंगाने १९६२ च्या 'किंगकाँग'पासून पिळदार दंडांचे युग आणले होते. तोच दारासिंग 'बजरंगबली'त आणि पुढे दूरदर्शनच्या 'रामायणा'त मारुती झाला, म्हणजे वर्तुळ फाळक्यांपाशी येऊन मिळाले.

या करमणुकीची किंमत कोणी मोजली, हेही इतिहासाने सांगितले पाहिजे. अमरावतीचे भगवान आभाजी पालव, म्हणजे आपले भगवानदादा, स्वस्तातले स्टंटपट काढीत आणि त्यांत स्वतः मारामारी करीत. गिरणगावातले कामगार त्यांच्यावर जीव टाकीत. १९४२ साली 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात त्यांच्या हातची थप्पड ललिता पवारांना जोरात बसली. चेहऱ्याला अर्धांगवायू झाला, डाव्या डोळ्याची शीर फुटली आणि उपचार काही वर्षे चालले. येवल्याची ही नायिका नंतर खाष्ट सासू म्हणून गाजली, ती त्या अर्धवट मिटलेल्या डोळ्यामुळे. आजची मारामारी हिरव्या पडद्यासमोर होते. माणसे दुखावत नाहीत हे उत्तमच झाले. पण त्याबरोबर मारामारीतले वजनही गेले. पडणाऱ्याला लागत नाही हे प्रेक्षकाला ठाऊक असते, म्हणून त्याचा श्वासही अडकत नाही.

आता अलीकडच्या चित्रपटांविषयी माझे मत सांगतो. पटले नाही तर वाचकांनी खुशाल भांडावे.

'अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम' २०१९ साली आला आणि जगभरातून सुमारे दोनशे ऐंशी कोटी डॉलर घेऊन गेला. मला त्यातली शेवटची लढाई आवडली नाही. इतके वीर एकदम मैदानात उतरतात की कोण कोणाला मारतो तेच कळत नाही. मात्र टोनी स्टार्क जाणूनबुजून प्राण देतो तो प्रसंग मला खरा वाटला, कारण तिथे ताकदीला मोल द्यावे लागते. मल्याळम 'मिन्नल मुरली' (२०२१) मधला नायक खेड्यातला शिंपी आहे. तेलुगू 'हनुमान' (२०२४) मधला पोरगाही खेड्यातलाच, आणि शक्ती आल्यावरही तो गाव सोडत नाही. हे दोन्ही चित्रपट मी फार वर ठेवतो. वीराला गाव पाहिजे, गावात त्याला ओळखणारी माणसे पाहिजेत. नाहीतर तो नुसता उडणारा यंत्राचा भाग. आपल्या मराठीत २०१५ साली 'बाजी' आला. श्रेयस तळपदेला घोडा आणि मुखवटा मिळाला, धाडस चांगले होते. पण पटकथा अर्ध्या वाटेत दमली. त्यापेक्षा महेश कोठारे यांचा १९९० चा 'धडाकेबाज' बाटलीतल्या गंगारामाला घेऊन जास्त मजा देऊन गेला, कारण त्याने आपण मोठे काही करीत आहोत असा आव आणला नाही.

'आर आर आर' (२०२२) माझ्या विद्यार्थ्यांचा लाडका. आमच्याकडे भिल्ल आणि भिलाला मुले बहुसंख्य. पडद्यावर गोंड कोमराम भीम वाघाशी झुंजतो तेव्हा त्यांच्या डोळ्यांत जे दिसते ते कोणत्याही अमेरिकन चित्रपटाने दिसत नाही. अल्लुरी सीताराम राजू आणि कोमराम भीम यांची प्रत्यक्षात कधी भेट झाली नव्हती, हे मी त्यांना सांगितले. त्यावर एक मुलगा म्हणाला, "सर, टंट्यामामांवर असा सिनेमा का नाही?" प्रश्न बिनतोड होता. निमाडच्या टंट्या भिल्लाला इंग्रजांनी १८८९ च्या डिसेंबरात जबलपूरला फाशी दिली. त्याला पडद्यावर आणण्यासाठी अतिमानवी शक्तीची मुळीच गरज नाही.

इथेच माझ्या काळजीचा विषय येतो. गेल्या दहा वर्षांत आपल्या इतिहासातल्या पुरुषांनाच सुपरहिरो करण्याची चढाओढ लागली आहे. 'तान्हाजी' (२०२०) मध्ये नागीण नावाची अजस्र तोफ आली. 'छावा' (२०२५) मध्ये संभाजीराजे सिंहाशी झुंजतात. चित्रपटगृहात मीही टाळ्या वाजवल्या, विकी कौशलने काम जीव ओतून केले आहे. पण घरी येताना मनात आले की जो माणूस नवव्या वर्षी आग्र्याच्या कैदेतून निघाला, ज्याने संस्कृतात 'बुधभूषण' लिहिला, ज्याने औरंगजेबासारख्या बादशहाला सात वर्षे दक्षिणेत झुंजवत ठेवले, त्याला मोठे ठरवायला सिंह कशाला हवा?

याचा परिणाम लांब कुठे नव्हे, आपल्याच प्रदेशात दिसला. 'छावा'ची सुरुवात बुऱ्हाणपूरच्या लुटीने होते. मराठ्यांनी बुऱ्हाणपूर लुटले ते १६८१ च्या जानेवारीअखेर, हे खरे. चित्रपट लागल्यानंतर महिन्याभरात, मार्च २०२५ मध्ये, असीरगडाच्या परिसरात मोगली मोहरा पुरल्याची आवई उठली आणि माणसे रात्री टॉर्च घेऊन शेते खणू लागली. वर्तमानपत्रांतून ती छायाचित्रे सगळ्यांनी पाहिली. लोक हसले, मला हसू आले नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या घटनेतून माणसांच्या हाती लागले ते फावडे! राज्य नुकतेच हाती आलेल्या एका तरुण राजाने मोगलांच्या दक्षिणेतल्या श्रीमंत ठाण्यावर घाव का घातला, हा प्रश्न कोणाच्या मनात आलाच नाही.

यात दोष सिनेमाचा एकट्याचा नाही. मारामारीच्या सिनेमाची एक मर्यादा आहे आणि ती ओळखून घ्यावी लागते. त्याला जे दिसते तेच दाखवता येते. पालखेडची मोहीम घ्या. १७२८ च्या फेब्रुवारीत बाजीरावाने निजामाला कोंडले, ते हातघाईची मोठी लढाई करून नव्हे. जड तोफखाना ओढणाऱ्या निजामाला त्याने हुलकावण्या देत फिरवले, रसद तोडली, पाण्यावाचून टेकीला आणले आणि मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह पदरात पाडून घेतला. हा विजय घोड्यांच्या टापांचा आणि नकाशा वाचणाऱ्या डोक्याचा. याची कोणी फिल्म काढली तर प्रेक्षक विचारतील, 'फायटिंग कुठे आहे?' संजय लीला भन्साळींच्या 'बाजीराव मस्तानी'त (२०१५) पालखेड कोणाच्या लक्षात राहिले? पण बाजीराव मोठा झाला तो पालखेडमुळे.

त्याच वर्षीची दुसरी लढाई तर आपल्या धार जिल्ह्यातलीच. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी अमझेऱ्याला चिमाजी अप्पांच्या फौजेने माळव्याचा मोगल सुभेदार गिरिधर बहादूर आणि त्याचा भाऊबंद दया बहादूर यांना गाठले. दोघेही त्या लढाईत पडले. उदाजी पवार त्या मोहिमेत होते. अमझेरा झाले नसते तर धार आणि देवासला पवारांच्या गाद्या स्थिरावल्या असत्या की नाही कोण जाणे. आणि तुमचे-माझे पूर्वज इथे येऊन मराठी बोलत राहिले असते की नाही, हेही तसेच. आपण माळव्यात का आहोत, याचे निम्मे उत्तर त्या एका दिवसात आहे. तरीही धार जिल्ह्यातल्या मराठी घरातल्या मुलाला थॅनॉसच्या हातमोज्यात किती रत्ने होती ते सांगता येते, अमझेरा कशासाठी प्रसिद्ध आहे ते सांगता येत नाही.

म्हणून मी मुलांना सिनेमा पाहू नका असे सांगत नाही. उलट म्हणतो, पाहा, आणि मग मला तीन गोष्टी लिहून आणा : यातले खरे काय, सजवलेले काय, आणि गाळलेले काय. गाळलेले शोधताना त्यांना पुस्तक उघडावे लागते. 'तान्हाजी'वर एका मुलीने लिहिले होते की गड जिंकल्यावर पुढे त्याचे काय झाले ते सिनेमा सांगत नाही. एवढे ज्याच्या लक्षात आले तो इतिहासाचा विद्यार्थी झाला, असे मी समजतो.

दिवाळीच्या सुटीत पाहुणे येतील, पोरेबाळे जमतील, टीव्हीवर एखादा महावीर आकाशातून खाली उतरेल. त्याचा आनंद जरूर घ्यावा. पण सुटीतला एक दिवस राखून ठेवावा. धारचा किल्ला पाहावा, जिथे दुसरा बाजीराव १७७५ साली जन्मला. अमझेऱ्याला जावे, तिथल्याच राणा बख्तावरसिंहांना इंग्रजांनी १८५८ साली इंदूरला फाशी दिले, हेही मुलांना सांगावे. जमल्यास नर्मदाकाठी रावेरखेडीला जावे. तिथे २८ एप्रिल १७४० रोजी थोरला बाजीराव गेला, तो कोणाच्या तलवारीने नव्हे, तापाने. चाळिशीही पुरती न ओलांडलेला तो सेनानी आजारी पडू शकत होता, थकू शकत होता, आणि तरीही दर मोसमाला नर्मदा ओलांडत होता. मुलांना समाधीपाशी उभे करून एवढे एकच सांगावे.