उंबराच्या पाण्याची गाणी

मुंबई उपनगरांतील ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजात लग्नाच्या आदल्या दिवशी विहिरीवर ‘उंबराचे पाणी’ भरायला जाताना म्हणायची गीते. अंधेरीजवळची मरोळ, चकाला, सहार, आंबोली आणि बोरिवलीकडची एक्सर, गोराई ही या समाजाची जुनी गावठाणे. (पुढे येणारी साष्टी म्हणजे मुंबईच्या उत्तरेचे बेट, गोव्यातील सासष्टी वेगळी. जुने संदर्भ वाचताना हा घोटाळा वारंवार होतो.)

विधी : लुगडी नेसलेल्या बायका कळश्या घेऊन वाजतगाजत विहिरीवर जातात. त्या पाण्याने नवरीला किंवा नवऱ्याला आंघोळ घालतात. नात्यातल्या माणसांची नावे गुंफून कडवी हवी तितकी वाढवता येतात. म्हणून एकच ‘मूळ संहिता’ शोधणे व्यर्थ आहे.

उगम : आगरी-कोळी लग्नांतही उंबराच्या झाडाला मान आहे, त्यामुळे विधी धर्मांतरापूर्वीचा असावा. 1534 मध्ये साष्टीसह वसई प्रांत पोर्तुगिजांकडे गेला. 1736 च्या गोवा इन्क्विझिशनच्या फर्मानाने एतद्देशीय ख्रिस्त्यांच्या लग्नातील गाण्यांवर व अनेक चालीरीतींवर बंदी घातली. पुढच्याच वर्षी साष्टी मराठ्यांनी घेतली. गाणी टिकली ती या सत्तांतरामुळेच, असा एक तर्क आहे.

वाद्ये : घुमट, पुढे ब्रास बँड.

नोंदी व भाषा : 1887 मध्ये समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. त्याच सुमारास जॉर्ज फ्रान्सिस डिपेन्हा यांची साष्टीच्या लोककथांची इंग्रजी लेखमाला ‘इंडियन अँटिक्वेरी’त सुरू झाली. ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (1905) ठाणे जिल्ह्यातील ख्रिस्त्यांची ‘किरिस्ताव’ बोली आहे. एल्सी बाप्टिस्टा यांचा समाजावरील इंग्रजी ग्रंथ 1967 चा.

समाजाच्या बोलीत ‘ळ’चा ‘ल’, ‘ण’चा ‘न’ आणि ‘ड’चा पुष्कळदा ‘र’ होतो : ‘घोडा’चा ‘घोरा’, ‘पाणी’चे ‘पानी’. समाजात मराठी गाणी रोमन लिपीत उतरवून ठेवण्याची रीत आहे, आणि त्या लिपीच्या साध्या लेखनात ‘ल’ व ‘ळ’ एकाच अक्षराने लिहिले जातात. उलट देवनागरीत छापताना हौशी संपादक ‘ळ’ आणि ‘ण’ परत बसवून गाणे ‘शुद्ध’ करतात. गावठाणागणिक बदलणारा उच्चार दोन्हीकडे हरवतो. तो फक्त गाणारीच्या तोंडी ऐकता येतो, म्हणून छापील पाठापेक्षा साधे घरगुती ध्वनिमुद्रणही अधिक विश्वसनीय समजावे.

सद्यःस्थिती : विहीर उरली नसेल तिथे नळाचे पाणी चालते, मिरवणूक मात्र निघते.

‘गल्यान साखली सोन्याची’ हे प्रसिद्ध गीत ईस्ट इंडियन, कोळी आणि आगरी तिघेही आपले मानतात. पाणी भरण्याच्या विधीशी ते बांधलेले नसल्याने येथे विचारात घेतलेले नाही.