गेम म्हणून आलेला कॉम्प्युटर

सोसायटीचा इतिहास या स्मरणिकेत येईलच. मी एका वस्तूचा इतिहास लिहितो. आपल्यापैकी चार-पाच घरांच्या माळ्यावर ती अजून असेल: टीव्हीला जोडायचा, कीबोर्डवाला व्हिडिओ गेम.

इंग्लंडात १९८२ साली क्लाइव्ह सिंक्लेअर यांचा झेडएक्स स्पेक्ट्रम आला. आठ-बिट चिप, मोठ्या मॉडेलला ४८ केबी मेमरी, आणि पडदा म्हणून घरचाच टीव्ही. गेम साध्या ऑडिओ कॅसेटवर. टेप लावायची, किर्र आवाज ऐकत चार-पाच मिनिटं बसायचं, मध्येच अडकलं की पुन्हा रिवाइंड! भारतात डेसिबेल्स कंपनीने १९८६ मध्ये परवाना घेऊन स्पेक्ट्रम प्लस विकायला काढला. त्याआधी, १९८४-८५ मध्ये, केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून सुमारे २५० शाळांत बीबीसी मायक्रो पोचले होते.

मानवतला आमच्या गल्लीत यातलं काहीच दिसलं नाही. आमच्याकडे कॉम्प्युटर आला तो १९९० नंतर, आणि तोही गेम म्हणून. जपानच्या निन्टेन्डोने १९८३ साली काढलेल्या ‘फॅमिली कॉम्प्युटर’ची ती स्वस्त नक्कल. नावातच कॉम्प्युटर आहे बघा. आतली चिप ६५०२ घराण्यातली, म्हणजे शाळांतल्या त्या बीबीसी मायक्रोचीच भावकी. शाळेत असता तर चपला बाहेर काढून हात लावला असता. घरात होता म्हणून ‘बंद कर ते खूळ’ ऐकावं लागलं.

मोंढ्यात कापसाचे पैसे बरे आले, त्या वर्षी वडिलांनी तो घेतला. दुपारभर मारिओ आणि कॉन्ट्रा. पण सोबत बेसिकची एक कॅसेट होती, ती ताईने लावली. आधी स्वतःचं नाव टीव्हीभर पळवलं. मग पाढे विचारणारा प्रोग्राम लिहिला. उत्तर चुकलं की टुंई वाजायचं. प्रोग्राम साठवायची सोयच नव्हती. लाइट गेली की सगळं साफ, आणि मराठवाड्यात लाइट जायला काय वेळ लागतो! म्हणून तिने एकेक ओळ नंबर घालून वहीत उतरवली. रोज संध्याकाळी वही बघून परत टाइप करायचं. माझे तेराचे आणि सतराचे पाढे असे पाठ झाले.

आता नातवंडं मोबाइलवर तोच मारिओ खेळतात. १९८५ चा तो अख्खा गेम ४० केबीचा, व्हॉट्सअपवरच्या एका फोटोपेक्षा लहान. तरी पोरं उठत नाहीत. तीन जीव संपले की पहिल्यापासून सुरू करायचं, त्यामुळे खड्डा कुठे, पाइप कुठे हे बोटांना पाठ होतं. नव्या गेममध्ये दर दोन मिनिटांनी कुणीतरी पैसे मागतं. इथे कुणी काही मागत नाही.

ताईची वही माझ्याकडे आहे, मशीन मात्र भंगारात गेलं. म्हणून विनंती: दिवाळीच्या साफसफाईत तसा कीबोर्ड सापडला तर भंगारवाल्याला देऊ नका, मला हाक मारा. पिवळ्या-लाल पिनांची वायर आणि अ‍ॅडॉप्टर सोबत ठेवा. बेसिकची कॅसेट असेल तर ती आधी शोधा.